मदत हवी आहे: टीकिंटरच्या खिडकीत आउटपुट आपोआप खाली सरकणं मध्येच थांबतं

पायथन ३, टीकिंटर (पायथनमध्ये खिडक्या बनवायची लायब्ररी). दुसऱ्या प्रोग्रामचं आउटपुट वेगळा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) वाचून क्यूमध्ये (रांगेत) टाकतो. आफ्टर (ठरलेल्या वेळाने फंक्शन चालवणारी मेथड) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी त्या ओळी स्क्रोल्डटेक्स्टमध्ये (स्क्रोलबार असलेल्या मजकुराच्या चौकटीत) घालतो. खिडकी गोठत नाही, तो भाग पक्का आहे.

वापरणारा वर जाऊन जुनी ओळ वाचत असेल तर ती हलायला नको. म्हणून ओळ घालण्याआधी (नंतर तपासलं तर उत्तर चुकतं) वायव्ह्यूचा (मजकुराचा कुठून कुठपर्यंतचा भाग दिसतोय ते ० ते १ मध्ये सांगणारे दोन आकडे) दुसरा आकडा १.०, म्हणजे अगदी तळ, असेल तरच शेवटाकडे सरकवतो. पण रॅप 'वर्ड' (लांब ओळ शब्दापाशी तोडून खाली गुंडाळणं) आणि ओळी लांब असल्या की तळाशी असूनही आकडा किंचित कमी येतो आणि सरकणं थांबतं. टीके (टीकिंटरच्या मागचं मूळ टूलकिट) गुंडाळलेल्या ओळींची उंची मागाहून मोजतं, त्यामुळेच हे होत असावं. रॅप 'नन' (ओळ न गुंडाळणं) केलं तर ठीक चालतं, पण लांब ओळी वाचायला फार त्रास होतो.

त्याऐवजी शेवटच्या अक्षराचं डीलाइनइन्फो (अक्षराची ओळ खिडकीत कुठे दिसतेय ते सांगणारी मेथड) पायथनचं 'नन' येतंय का, म्हणजे ती ओळ दिसत नाहीये का, ते तपासणं भरवशाचं आहे का? कुणी वापरलं असेल तर कृपया सांगा.