मदत हवी आहे: वर्षाचा मसाला, जांभळी नाका की वाशी मसाला मार्केट?

ऐरोलीकरीण
नमस्कार मंडळी. यंदा वर्षाचा मसाला तयार न घेता सामान आणून कुटून घ्यायचा आहे. राहायला ऐरोलीत, म्हणजे ठाण्याचा जांभळी नाका नि तुर्भ्याजवळचं वाशी मार्केट दोन्ही हाताशी. मिरची दोन किलो आणि त्या मानाने गरम मसाला. घरात माणसं चार, मासे-मटण आठवड्यातून दोनदा. रंग लालभडक हवा, तिखट मध्यम. खरेदी कुठे करू? कुठली मिरची किती घेऊ? बाजारात नेमकं कशात फसवतात? आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीला कायम कुलूप, तर वाळवण कुठे घालू?

गिरणगावचा
चिंचपोकळीला उतरा, लालबागची मिरची गल्ली गाठा. मिरची तिथेच घ्या, तिथेच कुटून मिळते. विषय संपला.

नौपाडा_नाका
दोन किलोसाठी ऐरोलीहून लालबाग? गाडी बदलत, पिशव्या सांभाळत? काही गरज नाही. मिरची वजनाला हलकी पण पिशवी फुगते केवढी, गर्दीच्या लोकलमध्ये तिचा चुरा होतो.

ताई, दोन किलोला जांभळी नाका पुरे. स्टेशनहून चालत जाता येतं आणि मिरची, धणे, खडा मसाला सगळं जवळजवळच्या दुकानांत मिळतं. वाशीचं मसाला मार्केट मुळात घाऊक. मोठा गाळेवाला तुमच्या दोन किलोसाठी गोणी फोडणार नाही. किलोवर देणारी दुकानंही त्या भागात आहेत, पण तिथला भाव नि ठाण्याचा भाव यातला फरक दोन किलोवर रिक्षाभाड्यातच जातो. सोसायटीतल्या सात-आठ घरांनी मिळून अख्खी गोणी घ्यायची ठरवलीत तर मात्र वाशीच. तुर्भ्याला उतरून रिक्षा करा, सकाळच्या ट्रकांच्या गर्दीनंतर जा, आणि रविवार टाळा.

बाजार कुठलाही असो, वेळ चुकवू नका. नवी ब्याडगी जानेवारीपासून बाजारात येते. होळी झाली की एप्रिलच्या मध्यापर्यंत घेऊन टाका. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडची हवा इतकी दमट होते की दुकानातल्या उघड्या पोत्यातली मिरचीच नरम पडते, मग पाण्याचे पैसे मोजायचे.

प्रमाण असं: ब्याडगी सव्वा किलो, काश्मिरी अर्धा किलो, संकेश्वरी पाव किलो. रंग पहिल्या दोघींचा, तिखटपणा संकेश्वरीचा. घरात तिखट खाणारे असतील तर काश्मिरी पाव किलोने कमी करून संकेश्वरी तेवढी वाढवा. लवंगी नि तेजा यात नको, मध्यम तिखटाचा बेत बिघडतो.

डंकावरची
वरचं प्रमाण बरोबर. काश्मिरीबद्दल एवढंच की त्या नावाने इथे विकला जाणारा बराच माल काश्मीरचा नसतो. रंगाला चांगला असला तर हरकत नाही, पण नावाचे जादा पैसे देऊ नका. नाहीतर पावणेदोन किलो ब्याडगीच घ्या. तिच्यात कड्डी आणि डब्बी असे दोन प्रकार: कड्डी लांब, बारीक, डब्बी आखूड, फुगीर आणि रंगाला जास्त. दुकानदार नुसतं "ब्याडगी" म्हणाला तर कुठली ते विचाराच.

आता फसण्याच्या जागा. पोत्याच्या तोंडाशी निवडक माल असतो, म्हणून हात कोपरापर्यंत खाली घालून मूठभर काढायला सांगा. पांढरट डाग पडलेली मिरची म्हणजे फटकी. ती ओंजळीत दोन-चारच निघाली तर चालेल, जास्त असली तर पोतं सोडा, कारण रंग फिका येतो आणि कुबट वासही लागतो. काळपट तपकिरी मिरची बहुधा गेल्या वर्षीची, कोल्ड स्टोरेजमधली. तिखट असते, पण रंग मेलेला. उलट फाजील चकाकी दिसली तर तेलाचा हात फिरवलाय का बघा: कोरड्या टिश्यूवर घासली की तेलाचा डाग उमटतो. ओल्या कापसाने पुसल्यावर कापूस लाल झाला तर तिथून निघाच.

ओलावा ओळखायला ब्याडगी मोडून बघू नका, तिची साल मुळातच चामट असते. कानाशी हलवा. आत बिया खुळखुळल्या तर सुकी, आवाज नसेल तर दमट. देठासकट मिरचीत किलोमागे साठेक ग्रॅम देठच असतात. देठ काढलेली महाग मिळते, पण दोन किलोचे देठ घरी तासाभरात निघतात. शिवाय निवडताना किडकी मिरची हाताला लागते, हा फायदा मोठा.

ऐरोलीकरीण
फटकी शब्द पहिल्यांदाच ऐकला, फार उपयोगी. गरम मसाल्याचं प्रमाणही कोणी सांगाल का? दुकानात "किलोचा पुडा" बांधून तयार असतो, तो घेऊ का?

डंकावरची
पुडा नको. त्यात धणे नि तमालपत्राची भर असते आणि महाग जिन्नस चिमूटभर. सुटंच घ्या.

एक किलो मिरचीला: धणे 300 ग्रॅम, जिरे, बडीशेप, खसखस प्रत्येकी 50, हळकुंड 60, मिरी आणि दालचिनी 40-40, लवंग, मसाला वेलची, दगडफूल, मोहरी 25-25, चक्रीफूल आणि शहाजिरे 20-20, नागकेशर 15, खडा हिंग 15, तमालपत्र आणि जायपत्री 10-10, जायफळ एक. तुम्ही सगळं दुप्पट करा. देठ, वाळवण आणि कुटताना उडणारं वजा जाता सव्वातीन किलोच्या आसपास मसाला हातात येईल. मासे जास्त होत असतील तर दालचिनी-चक्रीफूल थोडं कमी, धणे तेवढेच.

जायपत्रीवर डोळा ठेवा. खरी जायपत्री पिवळसर केशरी, चुरगळली की घमघमते. तिच्या नावावर रामपत्री खपवतात. ती गडद लाल, लांबट, वास जवळजवळ नाही. लवंग डोक्यासकट असावी, नखाने दाबली की तेल सुटलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग सुरकुतलेली असते आणि पाण्यात तरंगते. दगडफुलात माती-काड्या फार, वजन करायच्या आधी चाळून द्यायला सांगा.

काटा_मारू
वजनाचं मी सांगतो. लवंग, जायपत्री, वेलची ही ग्रॅमवर घ्यायची चीज, इथे पाच ग्रॅमही महागात पडतात. काटा शून्यावर आहे का आधी बघा. जाड कागदी पुड्यासकट वजन धरू देऊ नका, पुडा ठेवून काटा परत शून्य करायला लावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी होते, शिक्का काट्यावर असतो. घासाघीस मिरचीवर फार चालत नाही. खड्या मसाल्यावर चालते, तेही सगळं एकाच दुकानातून घेतलंत तर.

नौपाडा_नाका
गच्चीचं: दोन किलोला गच्ची लागत नाही. देठ काढून मिरची सुती चादरीवर एकपदरी पसरा, ऊन येणाऱ्या खिडकीशी किंवा बाल्कनीत, दोन दिवस दहा ते चार. वर पातळ ओढणी. संध्याकाळी आत घेतलीच पाहिजे, रात्रीच्या दमटपणाने दिवसभराची मेहनत जाते. आणि आठ-आठ दिवस उन्हातही ठेवू नका, रंग उडतो. ऊन अजिबातच नसेल तर जाड बुडाची कढई तापवून गॅस बंद करायचा आणि मूठ-मूठ मिरची नुसती परतायची. करपली की मसाला कडू.

धणे, जिरे, बडीशेप कोरडे मंद भाजा, खसखस वेगळी. हळकुंड आणि हिंग थेंबभर तेलात तळा. तेलाचा हात सैल सुटला तर कुटताना गोळे होतात आणि मसाला पावसाळ्यात खवट लागतो. सगळं पूर्ण गार करूनच कांडपाला न्या.

गिरणगावचा
लालबाग नको तर नको, पण पल्व्हरायझरवर दळू नका हो. यंत्र तापतं, वास तिथेच उडून जातो. डंकावर, म्हणजे ठोके देऊन कुटणाऱ्या यंत्रावर, वेळ लागतो पण मसाला कमी तापतो.

डंकावरची
हे मात्र शंभर टक्के. आणि समोर उभं राहूनच कुटून घ्या. डंकात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उरलेला असतो, म्हणून उखळ पुसायला सांगा आणि आपले थोडे धणे आधी टाका, ते निघालेलं बाजूला काढा. नेताना नि आणताना वजन करा. चाळणीवर राहिलेला भरडा परत कुटून घ्या, सोडून येऊ नका, मसाल्याचा बराचसा जीव त्यातच असतो.

घरी आणल्यावर परातीत पसरून रात्रभर गार होऊ द्या. गरम भरलात तर झाकणाला वाफ धरते आणि महिन्याभरात जाळी होते. मग कोरड्या बरणीत दाबून भरा, तळाशी आणि मध्ये हिंगाचे खडे. रोजच्या वापराचा डबा वेगळा ठेवा, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या चमच्याने.

ऐरोलीकरीण
ऐरोलीत किंवा कोपरखैरण्यात डंक आहे का कोणाच्या माहितीत? पल्व्हरायझरवाले तीन दिसले.

काटा_मारू
पाटी "मिरची कांडप" असली तरी आत पल्व्हरायझर असू शकतो. बाहेरूनच ऐका: धप-धप असा ठोक्याचा आवाज आला तर डंक, सलग घरघर असली तर पुढे चला. एप्रिलमध्ये नंबर लावावा लागतो, मिरची घ्यायच्या आधीच जाऊन दिवस ठरवा.