हँडेलचा ऑर्गन कॉन्चेर्टो: कागदावर डी मायनर, पेटीवर मात्र काळी एक?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी कीबोर्ड शिकते, तिच्या सरांनी हँडेल या जुन्या युरोपियन संगीतकाराच्या ओपस ४ (म्हणजे चौथा छापील संच) मधल्या पाचव्या ऑर्गन कॉन्चेर्टोतली (ऑर्गन आणि वाद्यवृंदाची रचना) सिसिलियाना बसवायला दिलीय, म्हणजे तिसरी मूव्हमेंट, तिसरा भाग, छोटीशीच आहे. कागदावर डी मायनर आहे, म्हणजे आपली पांढरी दोन ना? पण यूट्यूबवर एक रेकॉर्डिंग लावून सासऱ्यांची पेटी काढली तर ते सरळ काळी एकला जुळतंय, कीबोर्डवर बघितलं तर तिथेही तेच. मग कागद चुकीचा की रेकॉर्डिंग? बरं टेम्पोचा आकडाही कुठे छापलेला नाही, एक रेकॉर्डिंग निवांत आणि दुसरं घाईत, पोरीने कोणाचं ऐकायचं? आणि सर म्हणाले मायनर म्हणजे दुःखी, तर ती इतकं रडवेलं वाजवतेय की आजी दोनदा येऊन विचारून गेल्या काय झालं म्हणून. मला स्वतःला ते दुःखी वाटत नाही पण मला नोटेशन येत नाही त्यामुळे बोलायची सोय नाही.

पेटीमास्तर
ताई, कागदही बरोबर आणि रेकॉर्डिंगही. आज आपण ए हा स्वर (पांढरी सहा) ४४० ला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना धरतो, तुमचा कीबोर्ड तसाच येतो. बरोक, म्हणजे हँडेलच्या काळातलं संगीत वाजवणारे बरेच ग्रुप मात्र मुद्दाम ४१५ ला लावतात, ते जवळजवळ बरोब्बर अर्धा स्वर खाली पडतं, त्यामुळे वाजवणारा पांढरी दोनच दाबतोय पण तुमच्या कानाला काळी एक येतेय. ४१५ ही आजची सोय आहे हो, त्या काळी गावोगाव वेगळं असायचं, हँडेलचा म्हणून जो ट्यूनिंग फोर्क (स्वर जुळवायचा धातूचा चिमटा) दाखवतात तो ४२२.५ चा आहे. आपल्याकडे गायक बदलला की पट्टी बदलते आणि कोणी त्याला चूक म्हणत नाही, तसंच समजा.

सदाशिवपेठी_खडूस
डी मायनर म्हणजे कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद, म्हणजे किरवाणी राग झाला की. एवढं कशाला पाल्हाळ. आणि ऑर्गन म्हणजे तो संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा तोच ना?

कॅम्पातली_ऑर्गनिस्ट
नाही हो काका, नाटकातला ऑर्गन धातूच्या स्वरपत्त्यांचा (रीड), पेटीचा मोठा भाऊ. हँडेलचा पाइपांचा. आणि किरवाणी म्हणालात तर सुरुवातीला कान तसं म्हणेल, पण मध्येच तो एफ मेजरकडे सरकतो, षड्जच हलतो, रागात असं कोण चालवून घेईल?

कोथरूडची_आई, मी रविवारी चर्चमध्ये वाजवते म्हणून टेम्पोबद्दल लिहिते. आकडा सापडणारच नाही कारण मेट्रोनोमचं (लय मोजायचं टिकटिक यंत्र) पेटंट १८१५ चं आणि हा कॉन्चेर्टो हँडेलने १७३५ मध्ये लंडनला कोव्हेंट गार्डनच्या थिएटरात डेबोरा या ओरेटोरिओबरोबर (धार्मिक कथेवरचं मोठं गायन) स्वतः बसून वाजवला, छापून आला १७३८ ला. तेव्हा मूव्हमेंटचं नाव हाच टेम्पो. सिसिलियाना म्हटलं की १२/८, म्हणजे मोठ्या चार मात्रा आणि प्रत्येकीत तीन, एकतालासारखं दोन-दोन मोजायचं नाही, दादऱ्यासारखं तीन-तीन. त्या तिनांतही पहिला स्वर लांबवलेला, दुसरा अगदी आखूड, तिसरा साधा, हा जो हेलकावा आहे तोच सगळा जीव आहे. क्वान्ट्झ नावाच्या बासरीवाल्याने १७५२ च्या पुस्तकात लय नाडीवर मोजायला सांगितलीय, मिनिटाला ८० ठोके धरून, आणि सिसिलियानाच्या एका मोठ्या मात्रेला दोन ठोके. म्हणजे मिनिटाला ४०. वर तो बजावतोही की साधं वाजवा, ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची भरभर थरथर) जवळजवळ नकोतच, आणि फार हळू नको. अर्थात क्वान्ट्झ जर्मन दरबारातला, हँडेल लंडनचा, त्यामुळे ४० हे कुराण-बायबल नाही, पण सुरुवात करायला छान. आणि हे मुळात हँडेलच्याच रेकॉर्डर (उभी धरायची बासरी) सोनाटामधून उचललेलं आहे (त्याचं त्यानेच), म्हणून उजव्या हाताची ओळ फुंकून वाजवतात तशी वाजली पाहिजे, एका श्वासात जेवढं बसेल तेवढीच लय ओढा, श्वास संपला की समजायचं फार हळू झालं.

पेटीमास्तर
+१ श्वासाच्या मुद्द्याला. आता मूड. मायनर म्हणजे दुःखी हे क्लासमधलं पाठांतर आहे, राग येतो मला. माटेसन म्हणून हॅम्बुर्गचा संगीतकार, त्याने १७१३ मध्येच पट्ट्यांचे स्वभाव लिहून ठेवलेत, डी मायनरला तो भक्तिभावाची, शांत, शिवाय थोडी भारदस्त आणि समाधानी म्हणतो. हा हँडेलचा मित्रच, १७०४ मध्ये दोघं तलवारी काढून एकमेकांवर धावलेही होते ते सोडा. सिसिलियाना तेव्हा मेंढपाळांच्या गाण्याची खूण होती, हँडेलच्याच मसाया (Messiah) या ओरेटोरिओमध्ये मेंढपाळ यायच्या आधी जी पीफा नावाची नुसत्या वाद्यांची धून वाजते ती पण १२/८ च, फक्त सी मेजरमध्ये. तेव्हा रडू नका, रानात बसा. पुढची मूव्हमेंट प्रेस्टो, म्हणजे जलद, एफ मेजरमधली नाचरी आहे, तिच्या आधी इथे गळा काढला तर ती उगाच पोरकट वाटते.

कोथरूडची_आई
बापरे किती छान सांगितलंत, धन्स! काल ४० ला लावून बसवली तर तिला ते झोपाळ्यासारखं वाटलं, आजीही आल्या नाहीत. पण मोठ्या मात्रेवर जोर दिला की कीबोर्डवर धप्प आवाज येतो, तो कसा काढायचा? आणि कीबोर्डला ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं बटण) आहे, तो -१ करून ठेवू का कायमचा?

कॅम्पातली_ऑर्गनिस्ट
जोर द्यायचाच नाही. ऑर्गनवर बोट जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच, त्यामुळे मोठी मात्रा यायच्या आधीच्या स्वरावरून बोट चिमूटभर लवकर उचलायचं, त्या छोट्या फटीमुळे पुढचा स्वर आपोआप वजनदार लागतो. कीबोर्डवर ऑर्गनचा टोन लावा आणि सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी (जोरात दाबलं की मोठा आवाज) असेल तर बंद करा, धप्प जाईल. आधी डावा हात बाजूला ठेवून नुसती वरची ओळ करून घ्या. आणि -१ फक्त त्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना, सरांकडे जायच्या आधी आठवणीने शून्यावर आणा.

सदाशिवपेठी_खडूस
षड्ज हलतो म्हणे. ऐकलं आत्ता. हलतो खरा.