राग टिकतो कुठे, विरतो कुठे

मालकाने उघडपणे राजकीय बाजू घेतली की गिऱ्हाईक तुटतंच, हे सरसकट मला पटत नाही. २०२० च्या जुलैत अमेरिकेत गोया फूड्स या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रमुखाने व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांचं तोंडभरून कौतुक केलं. बहिष्काराची हाक उठली, पण ट्रम्प समर्थकांनी मुद्दाम गोयाचे डबे विकत घेतले. संशोधकांनी नंतर खरेदीची आकडेवारी तपासली, तर विक्री आधी सुमारे २२ टक्के वाढलेली आणि तीनेक आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखी झालेली दिसली.

उलट २०२३ मध्ये बड लाइट या बिअर ब्रँडने एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरला प्रचारात घेतलं, तेव्हा चिडलेली बरीच गिऱ्हाइकं परत फिरकलीच नाहीत. अमेरिकेतल्या बिअर विक्रीत पहिला नंबर मोडेलो या दुसऱ्या बिअरने घेतला. माझ्या मते फरक पर्यायाचा आहे. त्याच फ्रिजमध्ये, जवळपास त्याच भावात दुसरी बिअर असते. हात जरा बाजूला नेला की झालं. जिभेवर बसलेली चव किंवा बँकेतलं खातं असं सहज सुटत नाही.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. मत मालकाचं, शिव्या खातो काउंटरवरचा पोरगा. २०२५ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांच्या राजकारणावरचा राग रस्त्यात उभ्या टेस्लांवर निघाला. ‘मस्कचं हे रूप दिसण्याआधी घेतलेली गाडी’ अशा अर्थाचे स्टिकर लोकांना लावावे लागले! बहिष्कार जरूर घाला, तो गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. पण आधीच विकल्या गेलेल्या गाडीवर ओरखडे ओढून मस्कच्या खिशातून एक पैसाही जात नाही.