एका फाटकावर तीन पाट्या: पितळ, संगमरवर आणि अ‍ॅक्रिलिक. साफ कशा करू?

नमस्कार. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. फाटकाच्या डाव्या खांबावर सासऱ्यांची पितळी पाटी, उजव्या खांबात घराचं नाव कोरलेला संगमरवरी दगड आणि ग्रिलला सूनबाईच्या शिकवणीचा अ‍ॅक्रिलिकचा बोर्ड. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाटी आणि दगड दोन्ही पाण्याखाली होते. गाळ तेव्हाच धुतला, पण दगडावर तपकिरी झाक राहिली ती राहिलीच.

यंदा घटस्थापनेआधी घर धुवायला काढलं. पितळी पाटीला देवाच्या भांड्यांसारखं चिंच-मीठ लावलं. अशी लखलखली की मला भरून आलं. सासरे वैद्य होते, रात्री-अपरात्री माणसं ही पाटी शोधत यायची. उरलेला कोळ मी त्याच उत्साहात दगडालाही फासला आणि पाव तासाने धुतला. वाळल्यावर बघते तर तेवढा भाग पांढुरका, मुका झालेला. बोट फिरवलं की खडू लागावा तसा खरखरीत लागतो.

पितळेचंही पुरतं बरं झालं नाही. कोरलेल्या अक्षरांतला काळा रंग बऱ्याच ठिकाणी निघाला. ‘वैद्य’मधल्या ‘द्य’च्या गाठीत हिरवं अडकलंय, आणि वरच्या दोन स्क्रूंपासून गंजाचे ओघळ थेट नावावर आलेत. बोर्डाचं वेगळंच. त्यावर ग्रिलच्या ऑइलपेंटचे शिंतोडे होते, ते पुतण्याने थिनरने पुसले. आता उन्हात बघितलं की केसासारख्या बारीक भेगा दिसतात.

नवीन पाट्या करायचा सल्ला कृपया देऊ नका. आहे ते वाचवायचंय.

मिरजेहून, पाट्या कोरणारा

ताई, चिंच पितळेला चालते, संगमरवराला अजिबात नाही. तो चुन्याच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, काहीही आंबट लागलं की वरचा थर विरघळतो. तुम्ही म्हणता तो डाग नाही, झीज आहे. त्यामुळे धुऊन जाणार नाही. फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलवा, हातानं घासून तेवढ्या भागाला पुन्हा चकाकी आणता येते. अक्षरांच्या कडांवर मशीन चालवू देऊ नका, कोर बोथट होते.

तपकिरी झाक आधी काढा, पॉलिश नंतर. मुलतानी माती पाण्यात दह्यासारखी घट्ट कालवा, बोटभर जाड लेप द्या, वर प्लास्टिक चिकटवून एक दिवस ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पुरता वाळू द्या. वाळताना माती दगडातली घाण ओढून घेते. एकदा करून भागत नाही, तीन-चारदा करावं लागेल.

आता पितळ. हिरवं काढायला पातळ कोळ आणि मऊ दातांचा ब्रश घ्या, मीठ नको. धुताना हात आखडता घेऊ नका. मिठाचा अंश कोरीव खाचेत राहिला की पावसाळ्यात पुन्हा हिरवं येतं, तुमचं तेच झालं असणार. ओघळ लोखंडी स्क्रूंमुळे. पितळेला टेकलेलं लोखंड ओलीत लवकर गंजतं. पितळी स्क्रू घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

पाटी कोरडी झाली की काळा ऑइलपेंट बारीक ब्रशने अक्षरांत भरा. वरचा रंग थोडा आवळला, म्हणजे सुकू लागला, की लाकडाच्या सपाट ठोकळ्याला सुती फडकं ताणून गुंडाळा, टर्पेंटाइनचा नुसता हात लावा आणि अक्षरांवरून आडवा फिरवा. पृष्ठभागावरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. फडकं सैल असेल तर खाचेत शिरून रंग उपसतं. शेवटी मेणाचं पातळ बोट द्या.

विश्रामबागहून, बोर्डाचं काम करते

अ‍ॅक्रिलिकच्या भेगा भरून येत नाहीत, हे वाईट वाटून सांगते. ओरखडे असते तर पॉलिशने गेले असते. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, काच पुसायचा अमोनियावाला फवारा, हे सगळं त्याला तडकवतं. निदान भेगा वाढू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांचे स्क्रू अर्धा आटा सैल करा. शीट उन्हात फुगते, आवळलेली असली की ताण तिथेच येतो.

धुताना आधी नुसतं पाणी ओता. धूळ वाहून जाऊ दे, मगच साबणाच्या पाण्याचं मऊ फडकं. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे बारीक वाळूनं घासणं. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. जाहिरातींचे स्टिकर चिकटवले असतील तर खोबरेल लावून तासभर थांबा, नखाने निघतात.

साताऱ्याहून

विषय निघालाच आहे म्हणून लाकडाचं सांगतो. यवतेश्वरच्या चढावर आमची सागवानी पाटी आहे, श्रावण संपेतो तिच्यावर शेवाळ धरतं. एका वर्षी गाडी धुवायच्या प्रेशरने धुतली आणि लाकडाचे तंतू उभे राहिले. तेव्हापासून कोमट साबणपाणी, काथ्याचा नव्हे, मऊ ब्रश, तोही रेषेच्या दिशेने. आठवडाभर सावलीत वाळवून जवसाचं उकळलेलं तेल चोळतो. तेलाचे बोळे मात्र पाण्यात बुडवून मगच टाका. गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात.

गावभागहून (प्रश्न माझाच)

मुलतानी मातीचे दोन लेप झाले. पहिला लेप सोलला तेव्हा त्याची आतली बाजू चहाच्या रंगाची होती. इतक्या वर्षांचा पूर दगडातून निघताना बघितला मी. तिसरा आज लावलाय. पितळी स्क्रू आणलेत, ‘द्य’ची गाठ स्वच्छ झाली. काळा रंग मुलाकडून भरून घेईन, माझा हात थरथरतो. बोर्डाचे स्क्रू सूनबाईने सैल केले.

मिरजेचे दादा, एकच विचारायचं राहिलं: ऑइलपेंट आवळायला साधारण किती वेळ थांबायचं?

मिरजेहून, पाट्या कोरणारा

सध्याच्या उन्हात अर्धा-पाऊण तास. कडेला थेंब टाकून ठेवा आणि बोट टेकवून बघा. चिकटलं पण बोटाला रंग आला नाही, की ठोकळा फिरवा.