कुपुत्र आहे, मग कुपिता का नाही?

वेंगुर्ल्याहून
भाची सुट्टीला माझ्याकडे आली आहे, १२ वर्षांची. आम्ही दोघी ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ बघतोय, २००५ ते २००८ मधली कार्टून मालिका. अग्निराष्ट्राचा राजा ओझाय स्वतःच्या १३ वर्षांच्या मुलाचा, झुकोचा, चेहरा आखाड्यात लोकांदेखत जाळतो आणि वर त्याला हद्दपार करतो. मुलाचा गुन्हा काय, तर नवख्या सैनिकांचा बळी द्यायच्या बेताला त्यानं युद्धसभेत विरोध केला. भाची रडवेली झाली. मग म्हणाली, “मावशी, वाईट मुलाला कुपुत्र म्हणतात ना? मग अशा बापाला काय म्हणायचं?” मला सांगता आलं नाही. ‘कुपिता’ बोलताना कुणी ऐकलाय?

रत्नागिरीहून
बोलण्यात नाही ऐकला, ताई. ‘कुमाता’ मात्र आहे, पण तीसुद्धा नकारातच. देव्यपराधक्षमापन स्तोत्रात “कुपुत्रो जायेत क्वचिदपि कुमाता न भवति” असं येतं. मुलगा वाईट निपजेल, आई वाईट होत नाही. भक्त लेकरू होऊन देवीपुढे उभा असतो, तिथं ही ओळ शोभते. पण घराघरांत ती पोरांची तोंडं बंद करायला वापरतात, त्याचा मला फार त्रास होतो. ‘खाण तशी माती’ म्हणतानाही बोट मातीकडेच जातं, खाणीकडे कुणी बघत नाही.

मालवणहून
एक कळकळीची विनंती. अशा आईबापांना ‘सावत्र’ म्हणू नका. ‘सावत्रपणाची वागणूक’ हा प्रयोग वर्तमानपत्रांतही सर्रास असतो. ‘सवत’ आली ‘सपत्नी’वरून, ‘सावत्र’ही त्याच कुळातला. नातं त्या दोन बायकांचं, आणि डाग मात्र मूल वाढवणाऱ्या आईला लागतो. माका जल्म एकीन दिल्यान, वाढवल्यान दुसरीन. ताप आला की रात्रभर उशाशी बसायची ती ही दुसरी.

आणि मालिकांत तरी बघा, ओझाय सख्खाच ना? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये २०१५ साली स्टॅनिसनं बर्फात अडकलेल्या सैन्यासाठी आपल्या मुलीला, शिरीनला, जिवंत जाळलं, तीही पोटची.

दापोलीहून
‘पालक’ शब्दाकडे जरा बघूया. शाळेच्या पालकसभेमुळे तो आईबाप या अर्थी रुळलाय, पण मुळात पालक म्हणजे पाळणारा, राखणारा. मग ‘वाईट पालक’ हे जुळतच नाही. जो राखत नाही तो पालक कसला? ओझाय फक्त जनक. झुकोबरोबर हद्दपारीत जहाजावर राहणारा, त्याला चहा करून देणारा काका आयरो हा त्याचा पालक. हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. नदीत सोडलेल्या कर्णाला पुढे कुंती भेटते, तरी तो राधेयच राहतो. सूतपुत्र म्हणून लोक हिणवत होते, त्याच घराचं नाव त्यानं टाकलं नाही.

गुहागरहून
एक शब्द शोधण्यापेक्षा ‘कुंपणच शेत खातं’ घ्या. आमच्याकडे परसाला वई घालतात ती गुरं आत येऊ नयेत म्हणून. वईनंच भाजी खाल्ली तर राखण कुणी करायची? ओझायला हे नेमकं लागू पडतं.

स्टॅनिसला मात्र नाही. त्याचा शिरीनवर जीव होता, हे मालिकेत आधी दिसलेलं असतं. तिथं ‘बळी दिला’ हेच क्रियापद बरोबर, कारण बळी आपल्या जवळचंच देतात. आणि दूरदर्शनवर १९८८ ते ९० मध्ये बघितलेला धृतराष्ट्र आणखी वेगळा. त्यानं मुलाला कधी दुखावलं नाही, अडवलंही नाही. त्याला ‘आंधळी माया’ हा शब्द आहेच, आणि लहानपणी मला वाटायचं तो शब्द फक्त त्याच्या डोळ्यांवरून पडलाय. या तिघांना एकाच ‘कुपिता’त कोंबलं तर भाचीला कळायचं ते कळणार नाही.

वेंगुर्ल्याहून
तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. वई तिला लगेच कळली, आजोळी दर वर्षी घालताना बघते. ‘जनक’ आवडला नाही, सीतेचे बाबा होते ते म्हणे. काल आम्ही तो ग्रहणाचा भाग बघितला, झुको बापाला तोंडावर सुनावून निघून जातो तो. त्यानंतर गोष्ट सांगताना ती “झुकोचे बाबा” म्हणायची थांबली आहे. नुसतं “ओझाय” म्हणते, आणि अरेतुरे करते. आयरोला मात्र अहो.