मदत हवी आहे: अंबाजोगाईला व्यसनाची ओपीडी कोणत्या वारी? खिडकीवर काय सांगायचं?

मांजराकाठ (रात्री ८:१०)
अंबाजोगाईच्या मेडिकलला व्यसनाची ओपीडी कोणत्या वारी असते? केसपेपरच्या खिडकीवर नेमकं काय म्हणायचं? तिथं सगळ्या रांगेसमोर मोठ्यानं विचारतात. उद्या सकाळीच जायचंय. माहिती असंल त्यांनीच सांगा, उपदेश नको. दुपारपासून तिघांना फोन केले, कोणी धड सांगंना गेलंय.

बालाघाट_एक्सप्रेस
कसलं व्यसन? कोणाला? तुम्हाला का घरात कोणाला? एवढं तरी लिहा राव. गुटख्याला वेगळं असतंय, गोळ्यांना वेगळं.

मांजराकाठ
दारू. मलाच. वार सांगा.

माळकरी_पैठण
माउली, वार-बिर सोडा, येत्या एकादशीला माळ घाला. मी २००९ ला घातली, तेव्हापासून थेंब नाही. आमच्या गावात माझ्यासोबत सतरा जणांनी घातली होती.

सोबर_नांदेडकर
सतरातले आज किती राहिले?

माळकरी_पैठण
आठ. पण आठ घरं सावरली ना?

सोबर_नांदेडकर
सावरली, नाही कोण म्हणतंय. मी पण दोनदा घातली होती. दुसऱ्या वेळी माळ खुंटीला टांगून पिऊन यायचो आणि परत घालायचो. पांडुरंगाला फसवतोय हे कळत होतं, हात थांबत नव्हता. मला एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगनं धरून ठेवलं. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, १९३५ पासून जगभर असंच चाललंय. मांजराकाठ, मीटिंगला या. तुमच्या जवळचा ग्रुप शोधून देतो.

सिस्टर_लातूर
मीटिंग, माळ, वार, सगळं नंतर. दादा, शेवटची कधी घेतली? रोज किती? आत्ता हात कसे आहेत?

मांजराकाठ
परवा रात्री शेवटची. सोडलीच आहे आता, म्हणून तर जायलोय. दुकान बंद केल्यावर तीन क्वार्टर, वर्षभरापासून सकाळीपण एक लागायली होती. अकरा वर्षं झाली. हात थरथरायलेत, कपातला चहा सांडतोय, दोन रात्री डोळा नाही. सोडल्यावर होतंच ते, निघंल. खिडकीचं सांगा ना कोणीतरी. माझं खत-बियाणाचं दुकान आहे, निम्मा तालुका गिऱ्हाईक. त्या रांगेत माझा एकतरी उधारीवाला असणारच. उद्या तो माझ्याकडं कसं बघंल?

बालाघाट_एक्सप्रेस
अंगातलं पाणी कमी झालंय. गावातल्या डॉक्टरकडून दोन सलाईन लावून घ्या, सकाळी टवटवीत. आमच्या चुलत्याला दर पोळ्याला लावतोत.

सिस्टर_लातूर
दर पोळ्याला लावावी लागते म्हणजे काय ते समजा! रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.
मांजराकाठ दादा, आधी कधी अचानक बंद केली होती का? तेव्हा काय झालं?

मांजराकाठ
२०२२ ला बहिणीच्या सोयरिकीत चार दिवस घेतली नव्हती. तेव्हा उसाला पाणी द्यायला गेलो आणि बांधावर पडलो. दातखीळ बसली म्हणले, जीभ चावली होती. घरच्यांनी कांदा हुंगवला, आईनं नारळ उतरवला. उपाशी होतो म्हणून चक्कर आली असंल.

सिस्टर_लातूर
ती चक्कर नव्हती, फिट होती. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, घाबरणं, कुठं आहोत तेच न कळणं, ताप. त्यात माणूस दगावतो. तुम्हाला दोन दिवस आत्ताच भरलेत. सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा. रात्री ओपीडीची खिडकी नसते, थेट अपघात विभागात जायचं. म्हणायचं एवढंच: "अकरा वर्षं रोज पितो, परवा बंद केली, मागं फिट येऊन गेलीय." तिथं गोळ्या देऊन हे शांतपणे उतरवतात. सोबत माणूस घ्या.

अनामिका_परभणी
ताई, मधेच विचारते, माफ करा. भाजीत कालवून द्यायची गोळी मिळते म्हणे, माणसाला न सांगता. आमच्या ह्यांना देऊ का?

सिस्टर_लातूर
मुळीच नको. ती डायसल्फिराम असते. वर दारू पोटात गेली की बीपी खाली जातं, छाती भरते, जीव जाऊ शकतो. माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. वेगळा धागा काढा, मी लिहीन.

ग्रामसभा_जिंदाबाद
मुळावर घाव घाला. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीला (दारूबंदीच्या बाजूची खूण) मत दिलं की परवान्याचं दुकान बंद करावं लागतं. हजर राहिलेल्यांच्या निम्म्या नाही, एकूण यादीच्या निम्म्या. तिथंच बरीच गावं हरतात, कारण कारखान्यावर गेलेल्या बायका यादीत असतात पण गावात नसतात. म्हणून मतदान ऊसतोडीच्या हंगामात ठेवू द्यायचं नाही.

बालाघाट_एक्सप्रेस
हे त्यांनी विचारलं का?

ग्रामसभा_जिंदाबाद
तुमच्या सलाईनचं विचारलं होतं का?

वकीलसाहेब_धाराशिव
मूळ प्रश्नाचं कोणी बोलंना. मांजराकाठ, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. तुमचा आजार गुप्त ठेवणं हे दवाखान्यावर बंधन आहे. पुढं ओपीडीला जाल तेव्हा खिडकीवर "मनोविकार विभाग" एवढेच दोन शब्द पुरतात, बाकी आत डॉक्टरला. बोलायला जड जात असंल तर आधी १४४४६ ला फोन करा, सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मन बसलं असंल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

मुक्तांगण_मित्र
नंतर पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बघा. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ ला सुरू केलंय. कुठंही जा, पण आधी आत जाऊन बघा. मला एका ठिकाणी डांबून मारलं होतं, नाव लिहीत नाही.

मांजराकाठ
अंग लई गरम लागायलंय. भिंतीवर मुंग्या दिसायल्यात, बायको म्हणती मुंग्या नाहीत. मोटरसायकलवर निघतो.

सिस्टर_लातूर
मोटरसायकल नको! १०८ लावा. नाहीतर फोन बायकोच्या हातात द्या, मी सांगते तिला.

सोबर_नांदेडकर
दादा, पोचल्यावर एक टिंब तरी टाका.

मांजराकाठ (पाच दिवसांनी)
वॉर्डातूनच लिहितोय. त्या रात्री मेव्हण्याच्या पिकअपनं आलो. वाटेत काय झालं मला आठवत नाही. मेव्हणा म्हणतो एकदा फिट आली. खिडकीवर मला काहीच बोलावं लागलं नाही, त्यानंच सगळं सांगितलं. शेजारच्या कॉटवर माझाच उधारीवाला आहे, २४,००० बाकी. तोही ह्याच्यासाठीच आलाय. पहिले दोन दिवस दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलो. काल त्यानंच चहा आणून दिला. कप धरता आला.
सोबर दादा, त्या ग्रुपचं सांगा. दोघांसाठी.

अनामिका_परभणी
ताई, धागा काढलाय. बघा ना.

ग्रामसभा_जिंदाबाद
आडव्या बाटलीच्या अर्जाचा नमुना मराठीत हवा असंल तर सांगा, माझ्याकडं आहे.