म्युनिकमध्ये गुड फ्रायडेलाच बाबांची साठी – मदत हवी आहे

मंडळी,
आई-बाबा पहिल्यांदाच म्युनिकला माझ्याकडे येतायत. ३ एप्रिल २०२६ ला बाबांना साठ पूर्ण होतात. विमानाची तिकिटं काढताना एवढंच पाहिलं. तो दिवस गुड फ्रायडे आहे हे डोक्यातच आलं नाही. पंधरा माणसांसाठी हॉटेलची मागची खोली ठरवली होती. काल मालकाचा फोन: "जेवण देतो, पण गाणी नाहीत." मी म्हटलं, दार लावून हळू आवाजात? तर म्हणे, अजिबात नाही.

मग घरीच करावं का? आणि किराणा कधी भरू? गेल्या वर्षी मी इथे नवीन होते. शुक्रवारी पिशवी घेऊन दुकानात गेले, तर दार बंद, आत अंधार. शेवटी पेट्रोल पंपावरून दूध आणि ब्रेड आणला, दीडपट भावानं. आई-बाबांना घेऊन तसं नाही करता येणार. शिवाय आदल्या दिवशी आईची हनुमान जयंती.

फिरायला कुठे न्यावं तेही सुचवा.

इसारकाठ: मालकाचा दोष नाही गं. आपल्या बव्हेरिया राज्यात गुरुवारी पहाटे दोनपासून शनिवारी रात्री बारापर्यंत 'शांत दिवस' असतात, नाचाला बंदी. शुक्रवारी तर जिथे दारू मिळते तिथे कसलंच संगीत चालत नाही. घरी कर, पण आवाज दाराबाहेर जाता कामा नये. त्या दिवशी लोक ड्रिल लावत नाहीत, काचेच्या बाटल्या टाकायलाही जात नाहीत. खालच्या आजींना आधी सांगून ठेव.
किराणा बुधवारीच उरक. गुरुवारी रात्री आठला दुकानं मिटतात, शनिवारी उघडतात, मग रविवार-सोमवार पुन्हा बंद. शनिवारची रांग आई-बाबांना दाखवू नकोस. बाबांच्या गोळ्या घरूनच पुरेशा आणायला सांग.

डब्यातला_प्रवासी: शुक्रवारी सरळ सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जा! तिथे गुड फ्रायडेला सार्वजनिक सुट्टी नाही. पूर्वी ती फक्त प्रोटेस्टंट वगैरे मोजक्या पंथांना होती. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर २०१९ मध्ये तीही गेली. दुकानं, कॅफे चालू. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. एरवी सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, पण सुट्टीच्या दिवशी आदल्या मध्यरात्रीपासून. फक्त रीजनल गाडीत बसा, आयसीई किंवा रेलजेट या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत नाही. पासपोर्ट जवळ हवेतच, परत येताना पोलीस गाडीत चढून बघतात. कार नको, ईस्टरला तो हायवे तुंबतो.

वसईची_पोर: मी कॅथलिक, म्हणून दोन शब्द. ऑफिसात 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणू नकोस, प्लीज. गुड फ्रायडेला जर्मनमध्ये 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' म्हणजे शोक. आमच्या वसईतही त्या दिवशी उपवास, क्रुसाची वाट, दुपारची उपासना. सणासारखं काही नसतं. चर्चच्या घंटा गुरुवारी रात्री थांबतात त्या शनिवारी रात्रीपर्यंत. इथल्या खेड्यांत मुलं त्याऐवजी लाकडी खुळखुळे खटाखट वाजवत फिरतात. घंटा रोमला गेल्यात, असं त्यांना सांगितलेलं असतं. आई-बाबांना हे दाखवच.
आणि हनुमान जयंती लागून आली ती उगाच नाही. २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपली चैत्र पौर्णिमाच.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "लोकांचा दुखवटा असताना माझा केक कशाला? रविवारी करा." हॉटेलवाल्यानं रविवार दुपार दिली, गाण्यांसकट. शुक्रवारी साल्झबुर्ग पक्कं.
आता एकच. आई औक्षणाचं तबक घेऊन येणार म्हणजे येणारच. हॉटेलात निरांजन लावलं तर फायर अलार्म वाजेल का? कुणी लावून पाहिलंय?